बेळगाव कुणाचं, हे कुठल्या सालापासून मोजायचं?

वेणुग्रामकर (धागालेखक)

गेल्या महिन्यात शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या वाटणीचं काम निघालं. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर त्याच एका घराचे तीन कागद हाती लागले. सगळ्यात जुना मोडीतला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांकडे. दुसरा कागद बाळबोध मराठीत टंकलेला, मुंबई राज्याच्या वेळचा. तिसरा आत्ताचा उतारा, पूर्ण कन्नडमध्ये.

मोडी आमच्या घरात कुणालाच येत नाही. कन्नड मी घडाघडा बोलतो, पण वाचताना बोट ठेवून वाचावं लागतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, मराठीतला. पंचावन्न वर्षं ती ज्या घरात नांदली, त्या घराचा उतारा तिला वाचता येत नाही. वाटणीच्या अर्जावर अंगठा नको म्हणून तिने मराठीत सही केली, तर एका कार्यालयात कारकुनाने "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणत अर्ज परत सरकवला. आई काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्या सहीचं पण भाषांतर करायचं का रे?"

तेव्हापासून डोक्यात हे चालू आहे, म्हणून धागा काढला.

कन्नड बाजूचा ऐतिहासिक दावा मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तो पोकळ नाही, हे आधीच सांगतो. किल्ल्यातली कमल बस्ती बघा. सौंदत्तीच्या रट्टांनी राजधानी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आणली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमाराला ते जैन मंदिर बांधलं. इथले त्या काळचे लेख जुन्या कन्नडमधले आहेत. खानापूर तालुका तर आपण सगळ्यात पक्का मराठी मानतो ना? त्याच तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात गोव्याच्या कदंबांचा लेख अजून उभा आहे. शिवाय नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. त्या हिशेबाने पंढरपूरच काय, नगरपर्यंत सगळं कन्नड. आपल्या माउलींनीही "कानडा हो विठ्ठलु" म्हणून ठेवलंय.

आता आपलं. देवगिरीचे यादव इथवर आले, आदिलशाहीनंतर मराठ्यांचा अंमल बसला, आणि १८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला तो पेशवाईकडून. सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ ही सगळी मराठी घराण्यांची संस्थानं. इंग्रजांनी या मुलखाला 'सदर्न मराठा कंट्री' म्हटलं, पुढे रेल्वेच्या नावातही 'सदर्न मराठा' आलं. आपली माणसं हे नाव पुरावा म्हणून दाखवतात. पण त्या नावात धारवाडही येतं, आणि धारवाडात त्या वेळीही घरोघरी कन्नडच होतं. मुलखाचं नाव राज्यकर्त्यांवरून पडलं होतं, घरात बोलणाऱ्या माणसांवरून नाही.

शिलालेखावर हद्द ठरवायची तर श्रवणबेळगोळला जा. गोमटेश्वराच्या पायाशी "श्रीचावुंडराजें करवियले" असं स्वच्छ मराठीत कोरलंय. शेजारी तेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही आहे. म्हणून हासनचा तो डोंगर काही आपला होत नाही. तसंच सोलापूर, मंगळवेढा, कोल्हापूर या भागांत कन्नड लेख ढिगाने सापडतात, म्हणून अंबाबाईचं देऊळ कर्नाटकात जात नाही.

सुरुवातीचं साल निवडलं की उत्तर त्यातच येतं. १२०४ धरलं तर बेळगाव त्यांचं, १७६० धरलं तर आपलं. मला वाटतं, मोजायचंच असेल तर १९५६ पासून मोजा, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून. त्या वर्षी इथे कोण राहत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं होतं का?

मोडी कागद वाचून देणारं कुणी इथे असेल तर जरूर सांगा. फोटो टाकतो.

---

सह्यकडा

धागा आवडला, पण एक गोष्ट मनापासून पटली नाही. इतिहास बाजूला ठेवा म्हणणं फार सोपं आहे. इतिहास म्हणजे फक्त रट्ट आणि यादव असं कुणी सांगितलं? माझे आजोबा पुण्याहून बेळगावच्या सत्याग्रहाला गेले होते. तो माझ्यासाठी इतिहासच आहे.

१९४६ च्या मे महिन्यात साहित्य संमेलन बेळगावातच भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं हा ठराव त्या मांडवात झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची पहिली हाक ज्या गावातून उठली, तेच गाव महाराष्ट्राबाहेर राहिलं. १७ जानेवारी १९५६ ला तिथे गोळीबार झाला, माणसं गेली. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा आजोबा म्हातारपणीसुद्धा झोपेत पुटपुटायचे. मुंबई मिळाली, ती पाच शब्दांची रांग तशीच राहिली.

तुम्ही म्हणता तसं १९५६ धरू. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव शहरात निम्म्याहून जास्त लोक मराठी बोलणारे होते. मग प्रश्न कुठे उरतो?

---

मलप्रभा

वेणुग्रामकरदादा, आईंच्या सहीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी कन्नड घरातली, माहेर धारवाडचं, सासर बेळगावात टिळकवाडीला. मराठी शेजारपाजारात शिकले, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तुम्ही १९५६ म्हणता. माझ्या आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, १८५६ पासून धरा.

ते असं का म्हणाले असते, ते सांगते. आमच्याकडे मुंबई इलाख्याचा अमल होता. कचेरीत मराठी, शाळेत मराठी. धारवाडसारख्या कन्नड गावातल्या मुलाला अक्षरं गिरवायची ती मराठीत. डेप्युटी चन्नबसप्पा हे आमच्याकडे देवघरात असावं असं नाव. स्वतः पुण्यात शिकलेले. शाळाखात्यात अधिकारी झाले आणि या भागात कन्नड शाळा सुरू व्हाव्यात म्हणून जन्मभर झटले. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तोही त्याच कळकळीतून. आमची भाषा आमच्याच गावात परकी झाली आहे, ही भावना होती. आलूर वेंकटरावांसारखी माणसं त्यातूनच उभी राहिली आणि कर्नाटक एकीकरणाची चळवळ वाढली.

माझे पणजोबा मामलेदार कचेरीत मराठीत अर्ज लिहून घ्यायला पैसे मोजायचे. अर्ज लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते त्यांना कळायचं नाही. आईंनी रिक्षात जे म्हटलं ना, अगदी तेच वाक्य आमच्या घरात कन्नडमध्ये सांगितलं जातं, शंभर वर्षांपूर्वीचं.

हे मी तुमचं दुःख हलकं करायला सांगत नाही. आमच्या लोकांना १९५६ मध्ये जो आनंद झाला तो दुसऱ्याचं काही हिसकावल्याचा नव्हता, आपल्या भाषेत अर्ज लिहिता येण्याचा होता, एवढंच सांगायचं होतं.

---

वेणुग्रामकर

मलप्रभाताई, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. बेळगावात जन्म काढला, डेप्युटी चन्नबसप्पांचं काम आज तुमच्याकडून कळलं. मराठी माध्यमात १९५६ पासूनचा इतिहास सांगायचे, कन्नड माध्यमात १९५६ च्या आधीचा. आम्ही एकाच गल्लीतली मुलं दोन वेगळी दुखणी उरात घेऊन मोठी झालो.

पण ताई, ज्यांनी ते भोगलं त्यांच्याच राज्यात आज माझ्या आईला ते भोगावं लागतं, याचं उत्तर मला हवंय.

---

मलप्रभा

त्याला माझ्याकडे उत्तर नाही, दादा. ते चूकच आहे.

---

नोंदवही

मी वकिली करतो, सीमाभागातली बरीच प्रकरणं हाताखालून गेली आहेत. चर्चेत काही गोष्टींची सरमिसळ होते आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

१९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग कन्नड, त्यामुळे शहरासकट जिल्हा म्हैसूर राज्याकडे. अपवाद एक केला. चंदगड तालुका मराठी म्हणून काढून मुंबई राज्याला दिला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आता विचार करा, एक तालुका भाषेवरून काढता येत होता तर खानापूर का नाही? महाराष्ट्राचा पहिल्यापासूनचा मुद्दा हाच आहे. घटक जिल्हा नको, गाव धरा. गावात कोणती भाषा जास्त, गाव कुणाच्या हद्दीला लागून, आणि लोकांची इच्छा काय. आंध्र आणि मद्रासच्या सीमेवर ह. वि. पाटसकरांनी हीच कसोटी लावून वाद मिटवला, १९६० पासून तो अमलात आला. ती सीमा आज कुणाच्या चर्चेतही नसते. पाटसकर मराठी माणूस होते, आणि त्यांची कसोटी तेलुगू-तमिळ माणसांनी मानली. आपल्याच सीमेला ती लागली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

आता महाजन आयोग. सेनापती बापटांचं उपोषण झालं, महाराष्ट्राने आग्रह धरला, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. महाराष्ट्राने ८१४ गावं आणि बेळगाव शहर मागितलं होतं. आयोगाने २६४ गावं द्यावीत असं म्हटलं, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. उलट महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला, त्यात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग. बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटक म्हणतं, अहवाल जसाच्या तसा लावा, नाहीतर आहे ते राहू द्या.

२००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, घटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली, म्हणजे राज्याराज्यांतला वाद म्हणून. कर्नाटकाची हरकत अशी की राज्यांच्या हद्दी बदलणं हे तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेचं काम आहे, न्यायालयाचं नाही. मुख्य दाव्यावर निकाल व्हायच्या आधी हाच प्रश्न आडवा उभा आहे. २०२२ च्या डिसेंबरात महामार्गावर गाड्या फुटल्या, एसट्या बंद पडल्या, मग केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून निकालापर्यंत कुणी नवे दावे करू नयेत असं ठरवलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून एकमताने ठराव केला.

दादा, तुमच्या आईंच्या अर्जाचा मात्र या खटल्याशी संबंध नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घटनेचा ३५० वा अनुच्छेद सांगतो की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा आयुक्त आहे, आणि जिथे अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात असं धोरण आहे. बेळगाव, खानापूर त्यात सहज बसतात. सीमा कुठेही गेली तरी हा हक्क आज आहे. अर्ज परत सरकवला तर पोच मागा. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

---

उमदीकर

मी जत तालुक्यातला, जिल्हा सांगली. आमच्या पूर्व भागात गावंच्या गावं कन्नड बोलतात. शेतात कन्नड, बाजारात दोन्ही, तहसीलला मराठी. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. गुड्डापूरच्या दानम्मा देवीला कर्नाटकातून लोक पायी येतात. मला वाटतं तुमचा धागा आमच्याशिवाय अपुरा राहील.

महाजनांच्या त्या २४७ गावांत आमच्याकडची गावंही आहेत. दर चार-पाच वर्षांनी आम्ही पेपरात येतो. "जतची चाळीस गावं कर्नाटकात जाणार." २०२२ मध्ये त्यांच्या मुख्यमंत्र्यांनीच तसं म्हटलं. पुण्या-मुंबईच्या वाहिन्यांवाले आले, माईक पुढे करून म्हणाले, "तुम्हाला महाराष्ट्र आवडत नाही का?"

अहो, आम्हाला पाणी आवडतं. मार्चपासून टँकरवर बसायचं. म्हैसाळ योजनेचं पाणी येणार येणार म्हणता माझ्या वडिलांचे केस पिकले, आता माझे पिकले. पलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी हद्दीपाशी दिसतं. ज्या गावांनी ठराव केले, त्यांनी शिलालेख वाचून केले नाहीत. पाणी कुणी दिलं तर ठराव कागदावरच राहील.

माझी आई कन्नडखेरीज दुसरं बोलत नाही. तिला दवाखान्यात मराठीतून गोळ्या समजावतात. मी सोबत असतो म्हणून निभतं. बेळगावच्या मावशींची सही आणि माझ्या आईच्या गोळ्या, मला यात काही फरक दिसत नाही. फक्त तुमच्या दुखण्याला चळवळ आहे, आमच्या दुखण्याला निवडणुकीपुरती किंमत.

---

सह्यकडा

उमदीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी आयुष्यभर "८६५ गावं" म्हणत आलो. ती २४७ गावं कोणती हे कधी नकाशावर शोधलं नव्हतं. आज शोधलं.

एक प्रामाणिकपणे विचारतो. पाटसकरांची कसोटी आपण बेळगावला लावा म्हणतो, तीच जतच्या तुमच्या गावांना लावली तर तुम्ही कुठे जाल?

---

उमदीकर

भाषा मोजली तर आमचं गाव तिकडे जाईल. लोकांना विचारलं तर निम्मे इकडे म्हणतील, कारण पोरं मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत, सांगलीच्या बाजारात डाळिंब जातं. माझ्या घरात मी आणि माझा भाऊ एकमत नाही. कसोटीत तिसरी गोष्ट लोकांची इच्छा आहे म्हणता, पण आम्हाला आजवर ती कुणी कागदावर विचारली नाही. ना इकडच्यांनी, ना तिकडच्यांनी.

---

काळीनदी

घोषणेत दुसरं नाव आमचं, कारवारचं. म्हणून लिहिते.

आमी कोंकणी. घरात कोंकणी, शाळा कन्नड, आज्जी पोथी मराठीतून वाचायची. महाराष्ट्र म्हणायचा, कोंकणी ही मराठीची बोली, म्हणून कारवार आमचं. कर्नाटक म्हणायचं, कोंकणी मराठी नव्हे, म्हणून कारवार आमचं. दोन्ही बाजूंनी आमच्या भाषेबद्दल वाद घातला तो आम्हाला न विचारता. महाजनांनी कारवार कर्नाटकातच ठेवलं.

गोव्यात निदान विचारलं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहा म्हणणारे ३४,०२१ मतांनी पुढे गेले. काळी नदीच्या या बाजूला तसं काही झालं नाही. कोंकणीला आठव्या परिशिष्टात जागा मिळाली तीसुद्धा १९९२ साली.

दोनच लोकांचा दावा, असं धाग्यात गृहीत धरलंय. जमिनीवर दोनच लोक कधी असतात का? बेळगावातसुद्धा कॅम्पात उर्दू, शहापुरात विणकरांची भाषा वेगळी, आमचे कोंकणी व्यापारी वेगळे. मोजायला बसलं की सगळ्यांना दोनातल्या एका खणात कोंबतात.

---

वेणुग्रामकर

काळीनदी, चूक मान्य. धागा लिहिताना मला फक्त दोनच दिसले.

नोंदवही, तुमचं नाव सांगून नाही, पण तुमचं वाक्य सांगून आईचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच आली आहे.

सह्यकडा, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. तुम्ही म्हणालात, मराठी निम्म्याहून जास्त, मग प्रश्न कुठे उरतो. प्रश्न असा उरला की महाजनांनी शहराच्या तीन बाजूंना कन्नड मुलूख आहे असं म्हटलं, आणि शहरात कोण राहतं यापेक्षा शहराला कुणी वेढलंय याला वजन दिलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. गाव धरायचं तर शहरालाही गाव धरा. मी इतिहासावर हक्क सांगत नाही, पण १९५६ मध्ये विचारायचं राहून गेलं ही माझी तक्रार कायम आहे.

१ नोव्हेंबर, म्हणजे १९५६ मध्ये बेळगाव तिकडे गेलं तो दिवस, त्याबद्दल बाहेरच्यांना कळावं म्हणून लिहितो. सकाळी आम्ही काळ्या फिती लावून सायकल फेरीत निघतो, तो काळा दिन. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलोय. दुपारपासून राणी चन्नम्मा चौकाकडे लाल-पिवळे झेंडे, चित्ररथ, गाणी, राज्योत्सव. रस्ते तेच. आमच्या गल्लीतला माझा बालमित्र, कन्नड घरातला, संध्याकाळी मिरवणुकीत नाचायचा. सकाळी मी फेरीला निघताना तो उंबऱ्यात उभा असायचा, काही बोलायचा नाही. संध्याकाळी तो नाचायला निघाला की मी आत जायचो. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आम्ही एका ताटात जेवलो. त्या एका दिवसाबद्दल आम्ही पन्नास वर्षांत एकदाही बोललो नाही.

---

मलप्रभा

दादा, त्या दिवशी मी लाल-पिवळ्या साडीत असते. तुमचा तो मित्र कदाचित माझ्याच मिरवणुकीत असेल.

आमच्याकडे एक जागा आहे, नंदगड. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी तिथे १८३१ साली फाशी दिलं, समाधीवर वडाचं झाड आहे. आम्ही लहानपणी सहलीला जायचो, तिथे पोहोचलं की सगळे एकदम गप्प व्हायचे. नंदगड खानापूर तालुक्यात, महाजनांच्या यादीत महाराष्ट्राकडे. भाषेने पाहिलं तर बरोबर असेल. पण कन्नड माणसाला सांगून बघा की रायण्णाची समाधी दुसऱ्या राज्यात जाईल, त्याच्या पोटात काय कालवतं ते तुम्हाला कळेल, कारण बेळगावबद्दल तुमच्या पोटात तेच कालवतं. २०२१ च्या डिसेंबरात बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली आणि इथे रायण्णाचा पुतळा फोडला. दोघेही परक्यांविरुद्ध लढले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बेंद्रे आठवतात का? आमचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, ज्ञानपीठ कन्नडसाठी. आणि तुमचे जी. ए. कुलकर्णी मराठीत लिहायचे आणि राहायचे धारवाडात. अण्णा आणि अक्का ही हाक मराठीत आमच्याकडून आली ना?

---

बोरू

वेणुग्रामकर, मोडी येतं मला. पेशवे दफ्तराचे कागद वाचायचा सराव आहे. फोटो पाहिला. शाई बरी आहे, घडीवर दोन ओळी गेल्या आहेत.

शके १८३४ चं खरेदीखत आहे, म्हणजे १९१२-१३. कसबे शहापूर येथील घर, मागच्या परसासह. रक्कम चांदीच्या रुपयांत, ती तुम्हाला वेगळी कळवतो. चतुःसीमा अशी: पूर्वेस जंगमांचा मठ, पश्चिमेस सार्वजनिक बोळ, दक्षिणेस देवांग विणकराचे घर व माग, उत्तरेस मराठे यांचा गोठा. पुढे "येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक घर" वगैरे नेहमीचं.

खाली दोन साक्षी आहेत. एकाची सही मोडीत. दुसऱ्याची मला लागत नाही, ती अक्षरं मोडी नाहीत. कन्नड वाटतात. इथे कुणी सांगू शकेल का?

---

मलप्रभा

फोटो मोठा करून पाहिला. कन्नडच आहे, जुन्या वळणाचं. नाव वाचता येतंय, आडनाव नाही, वडिलांचं नाव आहे आणि शेवटी "बरह", म्हणजे "यांचे हस्ताक्षर". मराठीत आपण "दस्तुर खुद्द" लिहितो तसं. नाव इथे टाकत नाही, घरचा कागद आहे, तुम्हाला निरोपात पाठवते.

---

वेणुग्रामकर

निरोप मिळाला. मंडळी, आभार मानायला शब्द कमी आहेत.

आईला सगळं वाचून दाखवलं. साक्षीदाराचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, ते मठातले अज्जा असतील, सासूबाई त्यांच्याबद्दल सांगायच्या. लग्नानंतर पहिल्या श्रावणात सासूबाईंना त्यांच्याकडे प्रसादाला पाठवलं होतं म्हणे. मठ अजून आहे, आमच्या पूर्वेच्या भिंतीला लागून. उद्या जाऊन बघतो.

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने विचारलं, "पश्चिमेचा बोळ सार्वजनिक लिहिलाय ना नक्की?" आत्ताच्या कन्नड उताऱ्यात तो शेजाऱ्याच्या खाती दाखवलाय, आणि वाटणीत धाकट्या काकांच्या वाट्याला येण्याजाण्याची तीच वाट आहे. नोंदवही, मोडी खरेदीखत दुरुस्तीच्या अर्जाला जोडायचं असेल तर लिप्यंतर प्रमाणित कुठून करून घ्यायचं? आणि कन्नड भाषांतरही लागेल का?

---

नोंदवही

दोन्ही लागेल. प्रमाणित मोडी वाचकाकडून आधी मराठी लिप्यंतर करून घ्या, मग त्याचं कन्नड भाषांतर. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, रंगीत प्रत काढून द्या. साक्षीदाराच्या कन्नड सहीचा वेगळा उल्लेख भाषांतरात करायला सांगा, त्याचा उपयोग होईल.

---

मलप्रभा

कन्नड भाषांतराचा पहिला मसुदा मी करून देते, दादा. रविवारी शहापुरात येते, आईंनाही भेटते.